भरून ठेवलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, चामड्याची गोल्फ बॅग आहे. रिकाम्या पोटी माझं वजन पाच किलो भरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या वजनाने पुढे मला फार दुःख दिलं.

हिमेजीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिणीने माझा पट्टा दुहेरी टाक्याने शिवला, दोन हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाली, "ही घेणाऱ्यापेक्षा जास्त टिकेल." तेव्हा मला त्या बोलण्याचा अभिमान वाटला होता.

हामामात्सूच्या कुवाबारा सेइजींनी मला विकत घेतलं. ते पियानोच्या कारखान्यात सूर तपासायचे. एखादा सूर जरासा उतरलेला आढळला, तर अख्खा पियानो परत पाठवायचे. घरीही तोच स्वभाव. मला मेण लावून पुसायचे, काठ्यांच्या खाचांतली माती काडीने कोरून काढायचे. माझं वजन मात्र त्यांना कधी जाणवलं नाही. आमच्याकडे मैदानावर बॅग कोणी खांद्यावर घेत नाही. कॅडीबाई ती गाडीवर चढवतात आणि खेळणारे मोकळ्या हातांनी चालतात.

त्यांचे जिवलग मित्र नोनाका तेत्सुओ. त्यांची खाणावळ होती. कोळशावर भाजलेल्या वाम माशाचा वास त्यांच्या कपड्यांना कायम यायचा. त्यांची बॅग साध्या कापडाची, आत सातच काठ्या. तिलाही तोच वास. दर रविवारी दोघे जाळी लावलेल्या सरावाच्या जागी चेंडू मारायला जात. तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकदा स्कॉटलंडमधलं समुद्राकाठचं मैदान आलं. झाड एकही नाही, नुसतं वाऱ्याने झोपलेलं गवत.

"सेइजी, निवृत्त झालास की इथे जायचं. दोघांनी," तेत्सुओ म्हणाले.

"जाऊ की. पण तयारी नीट करून."

सेइजी निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी नवी वही आणून यादी सुरू केली. पहिलं वर्ष पावसाळी कपड्यांत गेलं. तिथला पाऊस म्हणे आडवा येतो, आणि दुकानातला एकही कोट त्यांच्या मनास येईना. दुसऱ्या वर्षी तिथल्या मैदानावर दाखवायचं पत्र इथल्या क्लबकडून घेतलं, हा गृहस्थ बऱ्यापैकी खेळतो अशा अर्थाचं. त्यावरचा शिक्का तिरका उमटला म्हणून ते परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी कळलं की तिथे गाडी मिळत नाही, आपली बॅग आपणच वाहायची. झालं, चालण्याचा सराव यादीत चढला.

विमानात तेवीस किलोच चालतात, म्हणून दर महिन्याला माझं वजन व्हायचं. सेइजी मला कवेत घेऊन काट्यावर उभे राहत, मग एकटे उभे राहत आणि वजाबाकी करत.

"वहिनी, हा तुम्हाला कधी असं उचलतो का हो?" तेत्सुओ दारातूनच विचारत.

"लग्नात उचललं नाही, आता काय उचलणार!" मिचियोवहिनी म्हणत. "भावजी, तुम्ही याच्या नादी लागू नका. याची तयारी होईस्तोवर तिथला समुद्र आटेल."

सगळे हसायचे. मीही मनातून सुखावायचे. इतकी काळजी कोणत्या बॅगेच्या वाट्याला येते?

पाचव्या वर्षीच्या शरद ऋतूत आम्ही नाकाताजिमाच्या वाळूच्या टेकड्यांवर सरावाला गेलो. अर्ध्या वाटेवर सेइजींचा गुडघा दुखू लागला. तेत्सुओंनी मला त्यांच्या खांद्यावरून काढलं आणि आपल्या पाठीवर घेतलं.

मित्रांनो, त्या दिवशी मी त्यांच्या पाठीला टेकून होते. आत त्यांचं काळीज धावत होतं, मध्येच थबकत होतं, मग घाईघाईने पुन्हा धावत होतं. मी सगळं ऐकत होते. ज्या माणसाला पियानोतला उतरलेला सूर दहा पावलांवरून कळायचा, तो चार पावलं पुढे चालत वहीत काहीतरी लिहीत होता.

तेत्सुओ वाळूत बसले. ओठ पांढरे पडले होते.

"सेइजी, यंदाच जाऊ या ना रे."

"अरे, गुडघा अजून..."

"मरू दे तो गुडघा. नाही खेळलो तर नुसते बसू तिथे. जे राहील ते राहील."

"अर्धवट तयारीने परदेशात जाऊन हसं करून घ्यायचं? पुढच्या मे महिन्यात. अगदी नक्की."

"बरं बाबा, मे तर मे," ते म्हणाले. उठताना त्यांनी वाळूत दोन्ही हात टेकले. सेइजींनी वहीत लिहिलं, 'तेत्सुओचा दम कमी पडतो. चालण्याचा सराव वाढवणे.'

मला वाचा असती तर मी ओरडले असते. निदान मी पाच किलोची नसते, तरी चाललं असतं.

मे आला. तिकिटं निघाली. यादीतल्या एकसष्ट वस्तूंपुढे एकसष्ट खुणा झाल्या. काठ्यांची डोकी टॉवेलात गुंडाळली, मोज्यांत चेंडू भरले, कोपऱ्यात उमेच्या खारवलेल्या आंबट फळांची बरणी बसवली. वजन बावीस किलो आठशे ग्रॅम. सेइजी त्या दिवशी गाणं गुणगुणत होते. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवस आधीच कुरियरवाल्याने मला आणि त्या कापडी बॅगेला नागोयाच्या विमानतळावर नेलं. तिथल्या मांडणीवर आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मला भाजलेल्या वामीचा वास येत होता.

उड्डाणाच्या दिवशी आजूबाजूच्या बॅगा एकेक करून गेल्या. आमच्यासाठी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सेइजी आले. अंगावर अंत्यविधीचा काळा सूट, काळा टाय. उड्डाणाच्या आदल्या दिवशी खाणावळीच्या दारावरचा पडदा लावतानाच तेत्सुओ कोसळले होते, ते पुन्हा उठलेच नाहीत.

"दोन्ही बॅगा घरपोच पाठवू का?" काउंटरवरच्या मुलीने हळूच विचारलं.

"नको. मीच नेतो," सेइजी म्हणाले. त्यांनी एका खांद्यावर मला घेतलं, दुसऱ्यावर तिला. माझं खरं वजन त्यांना त्या दिवशी कळलं.

तेत्सुओंच्या घरी त्यांच्या बायकोने, हात्सुएवहिनींनी, कापडी बॅग उघडली. सात काठ्या, एक सदरा, मोज्यांचे दोन जोड. आणि रुमालात गुंडाळलेला एक चष्मा.

"हा तुमचाच, भावजी," त्या म्हणाल्या. "आमच्या खाणावळीत विसरला होतात. हे म्हणायचे, सेइजी जगातलं सगळं घेईल आणि वाचायचा चष्मा तेवढा विसरेल."

सेइजींनी चष्मा हातात घेतला. "पण हा तर मी निवृत्त झालो त्या साली हरवला होता."

"तेव्हाच ठेवलाय त्यांनी. तुम्ही निवृत्त झालात, त्याच आठवड्यात बॅग भरली. सहा वर्षं दाराशी होती. मी केर काढताना उचलायची आणि परत तिथेच ठेवायची."

 सेइजींनी माझ्या खिशातून वही काढली, तो चष्मा लावला आणि बासष्टावी वस्तू लिहिली, 'चष्मा'. त्यापुढे खूण केली. यादी पुरी झाली.

आता मी कपाटात असते. मिचियोवहिनी मला कधीमधी पुसतात. सेइजींनी मला परत हात लावलेला नाही. माझा पट्टा अजून तसाच भक्कम आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या वस्तूंना जपा, पुसा, त्यांची वजनं करा. माझी तक्रार नाही. पण कोणी 'यंदाच जाऊ या ना' असं म्हणालं, तर एकदा वहीतून मान वर करा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. मला तेत्सुओंच्या पाठीवर राहून सगळं कळलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं.