इंजिनाची ऊब

कुंडलिकनं बोनेट उघडून रेडिएटरवर तळवा ठेवला. रेडिएटर गार होता. हिर्डोशीहून निघाल्यापासून जीप चालूच होती, तरी गरमीचा काटा तळाला चिकटून बसलेला. पौषाचे दिवस, सूर्य अजून डोंगराआड, आणि नीरेच्या खोऱ्यातला वारा हाडात शिरत होता. चोक ओढल्याशिवाय गाडी दम धरत नव्हती आणि चोक ओढला की घटाघटा पेट्रोल पीत होती. टाकीत होतं थोडंच, आणि भोरच्या अलीकडं पंप नव्हता.

मागं सगुणा आडवी होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. पहाटे, दिवस भरायच्या आधीच, पोरगी झाली आणि तेव्हापासून सगुणाचं रक्त थांबेना. सुईणीनं हात टेकले. एसटी यायची ती दुपारी. सगुणाच्या बापानं, गेनबानं, घाटरस्त्याच्या कामावरच्या मुकादमाचे पाय धरले, तेव्हा कुठं ही जीप आणि हा ड्रायव्हर मिळाला. गेनबाचं घोंगडं सगुणाच्या अंगाखाली होतं, ते भिजून जड झालेलं. अंगावर एकच वाकळ. आई बनाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ती मूठभर नात तिनं लुगड्याच्या आत, उघड्या छातीशी धरली होती.

गाडीला काय झालंय, असं गेनबानं विचारलं.

काय झालंय हे कुंडलिकला पक्कं ठाऊक होतं, कारण केलं त्यानंच होतं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटी पितळी झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात तिला. पाणी तापेस्तोवर ती मिटून राहते, म्हणजे इंजिनाची ऊब इंजिनातच राहते. मग उघडते आणि पाणी गार व्हायला रेडिएटरात सोडते. चैत्रात वरंधा घाटात गाडी उकळली, तेव्हा या पठ्ठ्यानं ती झडपच उपटून दरीत भिरकावली होती. थंड मुलखातल्या सायबांचं हे सोंग आपल्याला कशाला, असं वर चारचौघांत सांगत फिरला होता. बाकीचे ड्रायव्हरही तेच करत. उन्हाळाभर गाडी गुणानं चालली आणि हा शहाणा ठरला. आता पाणी सारखं फिरत होतं, सारखं गार होत होतं, आणि गार इंजिनात पेट्रोल धड जळत नव्हतं. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं.

रेडिएटरचं तोंड झाकलं पायजे, एवढंच त्यानं गेनबाला सांगितलं. गेनबानं डोईचा पटका सोडून दिला. जुना, विरलेला पटका; त्यातून वारा आरपार. कुंडलिकनं अंगातला सदरा काढून वर लावला, तो निम्म्या जाळीलाही पुरेना. मग तो मागं गेला.

"मावशी, ती वाकळ देता का? इंजिन तापलं तरच गाडी चढंल."

"न्हाई," बनाबाई म्हणाली. "पोर कुडकुडतीया माजी."

तिचं काही चुकत नव्हतं. कुंडलिक पुढं येऊन नुसत्या बंडीवर स्टिअरिंगमागं बसला.

चढ लागला तशी जीप खोकायला लागली. गचके देत निम्म्यात गेली आणि बंद पडली. गेनबानं उडी टाकून चाकाखाली धोंडा सरकवला. कुंडलिक पुढून इंजिनाला हँडल मारत राहिला. खांदा निखळायची वेळ आली तरी इंजिन नुसतं फुरफुरे आणि थंड होई. गेनबानं आधी देवीला बकरं बोललं, मग कुंडलिकच्या आईबापांचा उद्धार केला, आणि शेवटी त्याच्यापुढं हात जोडले. कुंडलिक मटकन रस्त्यातच बसला. तो रडत होता आणि ते लपवायचीही त्याला शुद्ध नव्हती.

जरा वेळानं जीपच्या मागच्या ताडपत्रीतून बनाबाईचा हात बाहेर आला. हातात वाकळ होती.

"घे बाबा. आवळून बांध."

"आन् सगुणी?" गेनबानं विचारलं.

"तिची कुडकुडी थांबली."

गेनबानं आत डोकावलं. सगुणाचं तोंड आईच्या पोटाकडं वळलेलं, त्यावर पदर. पोरीला झोप लागली म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला.

कुंडलिकनं वाकळ दुमडून जाळीवर करकचून बांधली. हँडलला इंजिन कसंबसं लागलं. त्यानं ते जागच्या जागी घुरघुरत ठेवलं आणि काट्यावरची नजर हलवली नाही. काटा सुटला. वर आला, आणखी वर आला. चोक आत ढकलला तरी इंजिन बंद पडलं नाही. जीपनं चढ काढला, पुढचाही काढला. कुंडलिकला हसू फुटलं. गेनबा तर सुटलाच. आता डॉक्टर सुई मारतील, महिनाभर तुला डिंकाचे लाडू खायला घालीन, तुझ्या सासऱ्याला निरोप धाडीन, असं मागं बघून बघून तो सगुणाला सांगत राहिला. तिला निजू दे म्हणून त्याचा आवाज हळू होता.

बनाबाई त्याला काही बोलली नाही. लुगड्याच्या आत तिचा हात नातीची पाठ सारखी चोळत होता. उत्रोलीजवळ बैलगाड्या आडव्या आल्या, तेव्हा तेवढी ती बोलली.

"थांबू नगंस, बाबा."

भोरच्या दवाखान्यापुढं जीप उभी राहिली. गेनबा धावत मागं आला आणि लेकीला उचलायला वाकला.

"तिला ऱ्हाऊ द्या," बनाबाई म्हणाली. "आदी हिला."

गेनबाचा हात सगुणाच्या पावलावर पडला होता. तो तिथंच राहिला.

"कवा?" त्यानं विचारलं.

"गाडी बंद पडली तवा."

"आन् तू बोलली न्हाईस?"

बनाबाई खाली उतरली. तिच्या लुगड्याला पुढून रक्त लागलं होतं. लुगड्याआतून बारीक, रडण्याएवढाही नाही असा आवाज आला. तिनं पदर घट्ट धरला.

"बोलले असते तर तुमी गाडी माघारी वळवली असती," ती म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागली.