पाइपाच्या तोंडावरचा नारळ

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सरिताचं तसंच झालं होतं. ओझरच्या अलीकडे तिची कांदा सुकवायची शेड. गेल्या वर्षी वाफेचा नळ निसटला आणि नवरा, शेखर, खांद्यापासून मनगटापर्यंत भाजला. तेव्हापासून वाफेचा फुस्स आवाज आला तरी ती दारापासून लांब पळे.

म्हणून दीर महेशनं वाफ बंदच केली. सुकवणखोलीतले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जुने रेडिएटर तेच ठेवून त्यांत आता गरम पाणी फिरवायचं ठरलं. "वहिनी, पाणी गरीब असतं, भ्यायचं कारण नाही," असं सांगून, विस्तव मंद ठेवायला बजावून तो वॉशर आणायला ओझरला गेला. छपरावरच्या पाइपाचं तोंड उघडं का ठेवलंय, हे सांगायचं मात्र शहाणा विसरला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस! बॉयलरला हळदकुंकू लावून सरिताचं भागेना. शिडी चढून ती वर गेली. ते उघडं तोंड तिला कलशासारखं दिसलं. तिनं त्यावर लाल कापड घातलं, नारळ घट्ट बसवला आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून तारेनं करकचून आवळला. खाली कामाला येणारी विमलाबाई ट्रे उचलत होती. तिनंही वर बघून हात जोडले.

विस्तव पेटला. विमलाबाई कांद्याच्या चकत्या उलटायला खोलीत गेली. थोड्या वेळानं पाइप कण्हू लागले. सरितानं बॉयलरचा काटा पाहिला. तो लाल रेघ ओलांडून गेला होता.

पाणी तापलं की फुगतं, हे चहा उतू घालवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. सरितालाही आत्ता कळलं. फुगलेल्या पाण्याची छपरावरची वाट तिनंच बांधून टाकली होती. तिनं जळती लाकडं ओढून बाहेर टाकली, पण काटा उतरेना.

"विमलाबाई! बाहेर या!"

आत पंखे घोंघावत होते. हाक कशी पोचणार? शेखर भाजला, त्या दिवसापासून तिनं या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. आता आत गेलो तर आपणही जाऊ, असं तिला स्वच्छ वाटलं. पळावंसंही वाटलं. मग डोळे घट्ट मिटूनच ती आत घुसली, चाचपडत विमलाबाईचा दंड धरला आणि तिला फरफटत बाहेर आणलं.

दोघी अंगणात पडल्या, तोच आत रेडिएटरचं बीड तडकलं. उकळतं पाणी ट्रेंवर, भिंतींवर उडालं. विमलाबाई मघाशी उभी होती, नेमकी त्याच कोपऱ्यात.

महेश आला. त्यानं आधी काटा बघितला, मग छप्पर. "वरचं तोंड कुणी बांधलं? विमलाबाई, हे तुमचंच काम!"

विमलाबाईनं मान खाली घातली. सरिताला खरं सांगायचं भय आतल्या उकळत्या पाण्यापेक्षा मोठं होतं, आणि यातून तिला ओढून काढणारं कुणी नव्हतं.

"भाऊजी, नारळ मी बांधला," ती शेवटी म्हणाली.

महेश तार सोडायला शिडीकडे वळला. विमलाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"ताई, तुमी मला बाहेर काढलं, लय उपकार झाले," ती म्हणाली. "पण उद्यापासून मी नाय यायची. मला भ्या वाटतं."

"भ्यायचं कारण नाही, या," असं म्हणायला सरिताचं तोंड उघडेना.