आंब्याला टांगलेला फोन

मित्रांनो, माझ्या काचेला तीन तडे आहेत, पाठीला आंब्याचा चीक चिकटलाय आणि पोट फुगलंय. पोट म्हणजे बॅटरी. मी एक जुना मोबाईल फोन आहे, आणि माझं अर्धं आयुष्य कुणाच्या खिशात नाही, आंब्याच्या फांदीवर गेलं. तुमच्या घरातले फोन हे ऐकून हसतील. हसोत बापडे! त्यांनी गाणी वाजवली असतील, मी बाग राखली आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आणि सरकता पट्टा, एवढंच. मला खरी ओळख मिळाली ती नऊ वर्षांपूर्वी, अण्णांनी रत्नागिरीच्या एका दुकानातून मला विकत आणलं तेव्हा. संगमेश्वराच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की अण्णांची कलमांची बाग लागते. घरी पोचल्यावर त्यांनी मला पंच्यातून बाहेर काढलं आणि ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला दाखवलं. "बघा, आवाज केवढा आहे तो! खालच्या वाडीत ऐकू जाईल." तेव्हा मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू!

पण कौतुक चार दिवसांचं. तीन वर्षांनी मी अण्णांच्या हातून जांभ्या चिऱ्यावर पडलो, काच तडकली, आणि अण्णांनी दुसरा फोन घेतला. मला वाटलं, झालं, आता आपली रवानगी फडताळात. तसं झालं नाही. अण्णांनी मला दिलमायाच्या हाती दिलं.

दिलमाया आणि तिचा नवरा मानबहादूर नेपाळचे. आमच्याकडे कलमं मोहरली की नेपाळी जोडपी बागा राखायला येतात. काही जण पावसाळ्यातही परत जात नाहीत, बागेतच राहतात. तशी ही दोघं. बागेच्या मध्यावर त्यांची खोपटी. खोपटीच्या खाली उतारावर विहीर आणि तिच्याही खाली, खोऱ्यात, रसायनांची कंपनी. खोपटीच्या वर बागेचा गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, आणि त्याच्यापलीकडे उघडा कातळसडा, म्हणजे खडकाचं पठार. ही जागा नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. खाली विहीर, वर सडा.

परक्या देशातल्या माणसाला सिमकार्ड घ्यायचं म्हणजे कागदपत्रांची नुसती यातायात. म्हणून आमच्याकडचे बागायतदार आपल्याच नावावर सिम काढून राखणदाराला देतात. अण्णांनीही तेच केलं. मी दिलमायाचा झालो, पण कागदावर अण्णांचाच राहिलो.

आता माझं काम ऐका. बागेचा मोठा शत्रू कोण, तर वांदर. टोळी आली की दहा पेट्यांचा फडशा पाडून जाते, आणि खाते त्याहून जास्त नासवते. अण्णांनी मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वायरीने एका मोठ्या स्पीकरला जोडलं आणि मधल्या कलमाला टांगलं. दर अर्ध्या तासाने मी आपोआप ओरडायचं. आधी त्यांनी माझ्यात कुत्र्याचं भुंकणं भरलं. मग फटाके. मग आगीच्या बंबाचा भोंगा. पहिल्या दिवशी वांदर पळाले, दुसऱ्या दिवशी थबकले आणि तिसऱ्या दिवशी स्पीकरवरच बसून आंबा खाऊ लागले.

"शिंचे माणसांपेक्षा हुशार झालेत," अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले.

तेव्हा दिलमाया हसली. तिने मला खाली काढलं, तोंडाजवळ धरलं आणि पोटातून आरोळी ठोकली, "हुर्र्र! भाग! भाग! माथि जा! माथि जा!" माथि म्हणजे वर. वांदर खाली विहिरीकडे पळाले तर शेजारच्या बागेत शिरतात आणि मग शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं. म्हणून ती त्यांना नेहमी वर सड्याकडे हाकायची. या आवाजाला मात्र वांदर कधीच सरावले नाहीत. कारण या आवाजापाठोपाठ गलोलीचा खडा येतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मग सहा वर्षं मी तेवढंच बोलत आलो. काय तो आवाज होता! ऐकून अण्णांच्या पाठीचा कणासुद्धा ताठ व्हायचा.

मागच्या वर्षी गावात बातमी आली की कंपनीत काही बिघाड झाला, वायू सुटला, तर आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनवर इशारा येणार. त्यासाठी घरोघर यादी करायची होती. अशी कामं नेहमी मास्तरांच्या गळ्यात पडतात, तशी ती भार्गवीच्या गळ्यात पडली. भार्गवी म्हणजे अण्णांची मुलगी, सड्यावरच्या शाळेत शिक्षिका. तिच्या फॉर्मवर तीनच रकाने होते. नाव, नंबर, भाषा.

भर दुपारी ती माहेरच्या ओटीवर आली. पाणी प्यायली आणि बागेकडे निघाली.

"कुठे निघालीस?" अण्णा म्हणाले.

"खोपटीवर. दिलमायाचा नंबर घ्यायचाय."

"उन्हात कशाला वर तडमडतेस गो? नंबर माझ्याच नावावर आहे. लिही."

"आणि भाषा?"

"मराठीच लिही. बोलतात की आता चांगली."

भार्गवी क्षणभर घुटमळली. मग तिने लिहिलं. आजूबाजूच्या बागांतही तसंच झालं. मालकांनी ओटीवर बसून आकडे सांगितले, कुणी चढ चढलं नाही. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण मी तरी कुणाला नावं कशाला ठेवू? अण्णांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना लेकीला ऊन लागू द्यायचं नव्हतं, एवढंच. कंपनीमागच्या पत्र्याच्या चाळीत ओडिशा-बिहारचे मजूर राहतात. त्यांचे नंबर मुकादमाने दिले आणि भाषा, अर्थातच, मराठी.

यंदाच्या एप्रिलातली गोष्ट. मानबहादूर पेट्या घेऊन टेम्पोबरोबर गेला होता. अण्णा रत्नागिरीला. दिलमाया एकटीच खोपटीसमोर बसून आंबे निवडत होती. साडेतीनची माझी आरोळी नुकतीच झाली होती. पाच मिनिटांनी माझ्यात एक संदेश येऊन आदळला आणि त्याच्यासोबतचा भोंगा स्पीकरमधून सगळ्या बागेत घुमला.

दिलमायाने मान वर करून पाहिलं आणि हसली. "अण्णाने नवा आवाज टाकला!" असं स्वतःशीच म्हणून ती पुन्हा आंबे निवडू लागली. तिचं काय चुकलं सांगा! सहा वर्षांत माझ्यातून कुत्री भुंकली होती, फटाके फुटले होते, बंबाचा भोंगाही वाजला होता. त्या आवाजांना वांदर जसे सरावले, तशी तीही सरावली होती.

दहा मिनिटं गेली. मग खोऱ्यातून एक पिवळट थर वर सरकू लागला. दिलमायाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा जळायला लागला. तिने उठून मला खाली काढलं, वायर उपटली आणि संदेश उघडला. ती आपल्या गावी पाचवीपर्यंत शिकलेली. नेपाळी आणि मराठीची अक्षरं एकच. तिने बोट ठेवून एक एक शब्द वाचला. 'विषारी वायुगळती. सखल भागात जाऊ नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंच जागी स्थलांतर करावे. नाकातोंडावर ओले फडके धरावे.'

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांना 'सखल' म्हणजे काय ते माहीत आहे? सखल म्हणजे खोलगट, खालचा. दिलमायाला ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने दोनदा वाचलं. घाबरल्या मनाला कळले फक्त दोन शब्द. ओले आणि फडके. आंबे पुसायला अण्णा रोज तेच मागायचे.

खोपटीतलं पिंप कोरडं होतं. पाणी होतं विहिरीत. दिलमायाने फडकं घेतलं, मला कमरेच्या पटुक्यात खोचलं आणि ती खाली उतरू लागली.

खाली! तो वायू हवेहून जड. पाण्यासारखा खळग्यात साठतो. आणि ती त्याच्यातच उतरत होती. मला सगळं माहीत होतं. संदेश माझ्याच पोटात होता. पण फोनाला स्वतःचं असं तोंड नसतं. कुणी जे भरेल तेच त्याने बोलायचं. मी तिच्या कमरेला थरथरत राहिलो. भार्गवीचा फोन येत होता. शाळेतली मुलं घेऊन ती वर सड्याच्या पार टोकाला गेली होती आणि तिथे तिला एकदम दिलमायाची आठवण झाली होती. पण दिलमायाला खोकल्याची अशी उबळ आली होती की मी वाजतोय हेही तिला कळलं नाही. विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर ती गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. फडकं कोरडंच राहिलं.

तेवढ्यात चार वाजले.

चार वाजले म्हणजे माझी वेळ झाली. वायर उपटलेली असली तरी माझा स्वतःचा आवाज होता, आणि अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तो केवढा आहे ते. मी तिच्याच कमरेतून, तिच्याच आवाजात, तिच्याच भाषेत ओरडलो. "हुर्र्र! भाग! भाग! माथि जा! माथि जा!"

तिने डोळे उघडले. कुठे आहोत, कोण बोलतंय, तिला काही उमगलं नसावं. पण शब्द उमगले. ते अडीच मिनिटं चालतात. त्या अडीच मिनिटांत ती हातांवर उठली, गुडघ्यांवर आली आणि कलमांच्या बुंध्यांना धरत धरत चढू लागली. खोपटी मागे पडली. ती थांबली नाही. थेट गडग्याशी जाऊन कोसळली. भार्गवी मुलांना दुसऱ्या बाईंच्या हवाली करून धावत येत होती, तिला दिलमाया तिथे सापडली.

तेव्हा माझ्या मनात जे आलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सहा वर्षं आम्ही वांदरांना नेपाळीत सांगत होतो की पळा, वर जा. आणि नेपाळी बाईला मात्र मराठीत सांगितलं!

दिलमाया तीन आठवडे इस्पितळात होती. जीव वाचला. पण चार पावलं चालली की आता तिला धाप लागते, आणि तो आवाज गेला. आता ती बोलते तेव्हा कान जवळ न्यावा लागतो.

अण्णा भेटायला गेले तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. झाडांची पानं करपली होती, आंबा गळाला होता, पण त्यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मीच 'मराठी' म्हटलं गो. मीच."

"अक्षरं सगळी आली, अण्णा," दिलमाया कसंबसं म्हणाली. "मतलब नाही आला."

भार्गवी दाराशी उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. त्या दिवसापासून ती सुट्टीच्या दिवशी घरी बसली नाही. एकूण एकोणीस बागा. प्रत्येक खोपटीपर्यंत ती चढली. पत्र्याच्या चाळीतही गेली. प्रत्येकाला एकच विचारलं, "तुला घाबरल्यावर कोणती भाषा कळते?" नेपाळी, ओडिया, भोजपुरी, सगळं नीट लिहून तिने नवी यादी तालुक्याच्या कचेरीत दिली. वर विनंती केली की लिहिता-वाचता न येणारे आहेत, तेव्हा बोललेला संदेशही पाठवा. नमुना म्हणून माझ्यातला दिलमायाचा आवाज ऐकवला.

साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, हा वांदर हाकायचा आवाज आहे. आम्हाला अधिकृत काहीतरी हवं."

गेल्या महिन्यात कंपनीने चाचणी घेतली. सगळ्या फोनांवर भोंगा वाजला आणि संदेश आला. मराठीत. त्यात 'सखल'ही तसाच होता. भार्गवी पुन्हा कचेरीत गेली तर उत्तर मिळालं, यादीतली दुरुस्ती पुढच्या टप्प्यात होईल. तो टप्पा कधी येणार ते कुणी सांगितलं नाही. तोवर तिने सगळे नंबर एका वहीत उतरवून ती पर्समध्ये ठेवली आहे. वायू सुटला तर एकेकाला फोन करीन म्हणते. एक बाई, एक फोन आणि त्र्याण्णव नंबर. मला हिशेब येतो हो, म्हणूनच मला भीती वाटते.

आता मी झाडावर नसतो. पोट फुगल्यामुळे मला फार तापू देत नाहीत. दिलमाया मला खोपटीतल्या फळीवर ठेवते आणि दर शनिवारी थोडा वेळ चार्जिंगला लावते. मग दाराशी बसून माझ्यातली ती आरोळी एकदा ऐकते. आपल्याच जुन्या आवाजाकडे ती परक्या माणसासारखी बघत राहते. एकदा तिने मला न वाजवताच तसं ओरडून पाहिलं. नुसती हवा आली. वर फांदीवर एक वांदर बसला होता, तोही हलला नाही.

मित्रांनो, मी आता थोड्या दिवसांचा सोबती. मला जपा, माझी काच बदला, असं काही मी मागणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्याही हाती कधीतरी असा एखादा फॉर्म येईल. नाव, नंबर, भाषा. ऊन असेल. ओटीवर गार पाणी असेल, आणि कुणीतरी मायेने म्हणेल, उन्हात कशाला वर जातेस, मी सांगतो ना.

तेव्हा दिलमायाची आरोळी आठवा, आणि वर जा.