निकेशनं दिलेली हाक

माझा नवरा घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर दुसऱ्याचं रक्त होतं. त्याला ते दिसत नव्हतं, पण वास येत होता. म्हणून शेणानं भरलेले हात धरावेत तसे दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो दारात उभा राहिला. दहा महिन्यांची दिव्यानी रांगत त्याच्याकडे निघाली. मी तिला मध्येच उचललं.

"कोणाचं आहे हे?"

"इस्तारीचं," निकेश म्हणाला. "मेला तो. आमीच मारला."

त्याच्या मागं माझा दीर प्रफुल्ल उभा होता. सकाळी जाताना त्याच्या हातात भाला होता. आता नव्हता.

"वयनी, दार लावा," प्रफुल्ल म्हणाला. "अन् दादा दिवसभर बाहीर निघाला नाई पायजे."

इस्तारी म्हणजे गिरजाबाईंचा एकुलता पोरगा, जन्माचा बहिरा. तलावात जाळं टाकायचा, आणि निकेशचा कार्यक्रम असेल त्या गावाला ऑर्गन सायकलवर बांधून न्यायचा. निकेश त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागं चालायचा. पोट्टे म्हणायचे, "आंधळ्याची गाडी बहिरा हाकलते." निकेशच आधी हसायचा.

निकेशचे डोळे अस्वलानं नेले. एकोणीस वर्षांचा होता. मोहाखाली वाकून फुलं वेचत होता आणि मागून आलेल्या अस्वलिणीनं कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच पंजा ओढला. त्यानंतर तो ऑर्गन शिकला आणि वडशाच्या एका नाटक कंपनीत तीन हंगाम वाजवला. त्या कंपनीत एक विनोदी नट होता. आंधळ्याची नक्कल हा त्याचा हुकमी प्रवेश. एका प्रयोगाला तो स्टेजवरून खाली उतरला, निकेशची काठी उचलून पळाला आणि निकेश जमीन चाचपत राहिला. हजार माणूस हसलं. दुसऱ्या दिवशी निकेशनं कंपनी सोडली.

त्यानंतर त्यानं कोणाची नोकरी केली नाही. स्वतःची गाणी, स्वतःची चाल. मंडईच्या जत्रेत म्हणायचा, बाजारात म्हणायचा, मोबाईलवर टाकायचा. अपंगाचा दाखला न देता एका म्हातारीला कचेरीतून परत पाठवलं, त्यावर गाणं. चिमूरला कचेरीच्या पायऱ्या एका अपंग पोरीला चढता येईनात, तर त्याच पायऱ्यांवर बसून सकाळपासून साहेब खाली उतरेपर्यंत गात राहिला.

"दिसत नाई मले, पर मी हाव ना,
आयकू येत नाई तुले, पर तू हावस ना,
मंग मानसं मोजनाऱ्या बावा, दोघाले काऊन सोडलंस?"

हे गाणं मोबाईलवर ऐकूनच मी त्याला होकार दिला होता. माझ्या बापानं विचारलं, "आंधळ्याच्या घरी खाशील काय?" मी म्हटलं, "तो जे खाते ते."

याच्या दोन महिने आधी वाघ गावाजवळ फिरायला लागला, तेव्हा वनखात्याचे लोक गाडीवर भोंगा लावून इशारे देत होते. गावच्या बैठकीत निकेश उठला. "भोंगा फिरवून राह्यले तुमी. माह्या इस्तारीले त्यातलं काय आयकू येते? झाडाले लाल फडकी बांधा. बहिऱ्याचा जीव जीव नोहे काय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रफुल्लनं तर शिटी मारली.

असं बोललेला माझा नवरा.

त्या दिवसाच्या दोन दिवस आधी वाघानं गावातल्या बायनाबाईला नेलं. दुसऱ्या दिवशी तिचं अर्धं शरीर सापडलं. त्या दिवशी सकाळी गावचे वीसेक जण भाले, कुऱ्हाडी, डफडी घेऊन हाका घालायला, म्हणजे गलका करून वाघाला झुडपातून उठवायला निघाले. पुढं गुणवंतराव, ज्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नाही. ते आमच्या दारात थांबले. "निकेश, चाल गा. तुह्या कानासारखा कान तालुक्यात नाई." निकेशला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. डोळे गेल्यापासून कोणी त्याला शिकारीला बोलावलं नव्हतं. तो डफडं गळ्यात घालून गेला. मीच त्याच्या चपलेचा पट्टा लावून दिला.

पुढचं त्यानं मला आतल्या खोलीत सांगितलं. मी ओल्या फडक्यानं त्याचे हात पुसत होते.

मोहाच्या दिवसांत आमच्याकडे झुडपात काही हललं की आधी हाक देतात. माणूस असेल तर ओ देतो. ओ आली नाही तर ते जनावर. लहान पोराला जंगलात न्यायच्या आधी हे शिकवतात.

"झुडपात खसखस झाली," निकेश म्हणाला. "समदे थांबले. गुणवंतराव म्हनले, निकेश, तू दे हाक. तुहा आवाज मोठा. मी देल्ली. एकदा देल्ली, दोनदा देल्ली. ओ आली नाई. मीच म्हनलो, आचल, मीच. म्हनलो, मानूस नाई."

"मंग?"

"प्रफुल्लनं भाला फेकला. बाकीचे कुऱ्हाडी घेऊन घुसले. पयला आवाज आला ना, तवाच मले समजलं. त्याचा तो घशातला आवाज मी रोज आयकतो. मी बोंबललो, थांबा, थांबा. पर डफडे वाजून राह्यले होते. कोनाले आयकू गेलं नाई."

तो जमिनीवर हातांनी रांगत झुडपात शिरला होता. भाला बरगडीत होता, मान अर्धी तुटलेली. इस्तारीच्या कमरेला मोहाची टोपली बांधलेली होती. निकेशनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा इस्तारीनं त्याचा चेहरा चाचपला. मग हात खाली पडला.

"आता कुठी आहे तो?"

 बाहेर ओट्यावर बसलेल्या प्रफुल्लनं दाराच्या फटीतून उत्तर दिलं.

"तिथीच आहे. गुणवंतराव म्हनले, रातभर राहू द्या. सकाळलोक जनावरं खातीन, मंग वाघानंच मारला म्हनून लिहून होते. गिरजाबाईले सरकारची मदतबी भेटन. आमी वीस जन आत जाऊन कोनाचं भलं होते, वयनी? तुमीच सांगा."

 मी दिव्यानीला दूध पाजलं. तिला दात येतायत, ती चावते. त्या दिवशी मला ते दुखलं नाही.

मी विचार केला, आणि जो केला तो लिहिते. हाक दिली ती निकेशनं. जनावर म्हणाला तो निकेश. पोलीस आले तर पहिलं नाव त्याचं. घरातले दोन पुरुष एकाच दिवशी आत जातील आणि माझ्या मांडीवर हे लेकरू. इस्तारी तर मेलाच होता.

निकेश उठला आणि भिंतीला धरून धरून ऑर्गनच्या कोपऱ्यात गेला. तिथं त्याचा बॅटरीवरचा स्पीकर बॉक्स असतो. कार्यक्रमाचा आवाज तलावापलीकडे जाईल एवढा. त्यानं बॉक्सवर हात फिरवला, मग बॉक्सच्या मागं, मग खुंटीवर.

"आचल, माईक कुठी आहे?"

"मले काय मालूम?"

तो मी आधीच काढून पाळण्यात, दुपट्यांच्या खाली ठेवला होता.

तो शोधत राहिला. तांदळाच्या कोठीमागं हात घातला, लाकडाच्या ढिगात घातला, बोटाला काटा गेला. मी समोर बसून बघत होते. त्याला दिसत नाही याचा असा फायदा मी आजवर कधी घेतला नव्हता.

"किती वाजले?"

"दोन."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता किती?"

"तीन वाजून राह्यले."

"ऊन उतरलं का कोल्हे निघतात," तो म्हणाला. माझ्याशी नाही, असाच. "कोल्हे पयले पायापासून सुरू करतात."

मग तो माझ्याजवळ येऊन बसला. दिव्यानीनं त्याच्या गालावरच्या वणात बोट घातलं. तिला ती जागा आवडते.

"तुह्याजवळच आहे ना माईक?" त्यानं विचारलं.

मी रडायला लागले.

"देऊ नको म्हनशील तं नाई मागत. पर मंग मले आता तिथी घेऊन चाल. मी बसतो त्याच्याजवळ. तू चालली नाई तं मले रस्ता नाई सापडत."

ओट्यावर प्रफुल्ल काठी घेऊन बसला होता. रस्ता तसाही नव्हता. मी पाळण्यातून माईक काढला आणि त्याच्या हातात दिला. वायर मीच बॉक्सला जोडली. दाराला आतून कडी घातली.

त्यानं माईकवर दोनदा टिचकी मारली. गावाला वाटलं असेल, नवं गाणं.

"गिरजाबाई," तो बोलला, आणि आवाज घरांवरून गेला. "गिरजाबाई, मी निकेश बोलून राह्यलो. तुमचा इस्तारी तलावावर नाई गेला. मोह वेचाले गेल्ता. आमी त्याले मारलं. वाघानं नाई, आमी. हाक मी देल्ली. जनावर आहे म्हनून मीच सांगतलं. पयले नाव माह्यं घ्या. तो नाल्यापलीकडच्या मोहाखाली पडून आहे. अंधार पडाच्या आधी त्याले आना."

प्रफुल्लनं दाराला लाथ मारली. तिसऱ्या लाथेला कडी उपटली. पहिली काठी माईक धरलेल्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज बॉक्समधून साऱ्या गावानं ऐकला. माईक पडला तसा निकेश खाली वाकून तोंडानंच माईक शोधत बोलत राहिला, "नाल्यापलीकडं, नाल्यापलीकडं." दुसरी काठी पाठीवर, तिसरी कानावर. "मले फाशी देतं काय, दादा? सख्ख्या भावाले?" प्रफुल्ल मारत होता आणि रडत होता. मी मध्ये गेले तर एक माझ्या खांद्यावर बसली. कडेवर दिव्यानी होती. ती काठी वीतभर इकडं आली असती तर, ते मी अजून मनात पुरं करू शकत नाही. प्रफुल्लनंही ते पाहिलं. त्याची काठी खाली गेली. मग त्यानं बॉक्सवर लाथा घातल्या, पुढची जाळी फाटेपर्यंत.

बाहेर गलका झाला. गुणवंतराव ओरडत होते, "आंधळ्याचं डोकं फिरलं. कोनी जाऊ नका!" पण बाया निघाल्या होत्या. सर्वांत पुढं गिरजाबाई, हातात मासे कापायचा विळा. त्यांनी गुणवंतरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आमच्या घरात शिरल्या.

"हाक तू देल्ली?"

"हो, मावशी."

"तुले मालूम नोहतं, त्याले आयकू येत नाई?"

निकेशच्या कानातून रक्त गळत होतं. "मालूम होतं," तो म्हणाला. "सगळ्या दुनियेले मीच सांगत होतो. अन् मीच भुललो."

गिरजाबाईंनी विळा उलटा करून मुठीनं त्याच्या तोंडावर मारलं. दात पडला. पुन्हा मारलं. तो हलला नाही, हात वर केला नाही. मग त्या प्रफुल्लकडे वळल्या. "तू चाल. दाखव." आणि प्रफुल्ल, सहा फुटांचा गडी, त्यांच्या पुढं चालू लागला.

मी निकेशचा मोडलेला हात ओढणीनं गळ्यात बांधला, त्याचा दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मागून निघाले. पोलिसांना फोन नाल्याजवळून लावला. निकेशच बोलला.

ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं तेव्हा आम्ही पोचलो. दोन कोल्हे उठून पळाले. इस्तारीच्या उजव्या पायाचा पंजा नव्हता.

बायांनी खाट आणली होती. कोणी रडत नव्हतं. गिरजाबाई त्या पायाजवळ बसल्या, घोट्यावरची माती त्यांनी पदरानं पुसली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुले कवा समजलं?"

निकेश बोलायला लागला तशी मी त्याचा हात दाबला. मला खोटं बोलता आलं असतं. कोणाला कळलं नसतं.

"दुपारच्या आधी," मी म्हटलं. "माईक मीच लपवला होता."

मला वाटलं, आता विळा. मी दिव्यानीला शेजारच्या बाईच्या हाती दिलं आणि उभी राहिले.

 गिरजाबाईंनी खाटेच्या पायथ्याकडं बोट केलं.

"मंग तू इकडून धर."

मी पायांकडची बाजू धरली. गाव येईपर्यंत ती मी कोणाला दिली नाही.