तक्त्यात पहिला आलेला झपाटा

मी झपाटा अठराशे बोलतोय. व्हॅक्यूम क्लीनर आहे. रंग लाल, पोटात कापडी पिशवी, मागच्या बाजूला हवा सोडायची जाळी. बचत गटांना यंत्रं देणाऱ्या एका योजनेच्या कार्यालयात तुलनात्मक तक्ता तयार झाला, त्यात तीन यंत्रांमधून माझा पहिला क्रमांक आला. तक्त्यावर गोल शिक्का आहे, दोन सह्या आहेत. तो तक्ता चुकीचा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आहे. हरलेला माणूस निकालावर बोट ठेवतो तेव्हा लोक त्याला रडका म्हणतात. मी तर जिंकलो आहे. निदान माझं ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्याच्या पट्ट्यावर झाला. गालिचे, सोफे, मोटारीच्या गाद्या झाडायला मला घडवलं. त्या कामात मी कुठेही कमी पडत नाही, हे छातीठोकपणे सांगतो. माझ्यासोबत एक पुस्तिका येते. तिच्या अकराव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं आहे की सिमेंट, राख, पीठ, मसाल्याची पूड असले पदार्थ या यंत्रानं ओढू नयेत. कारण साधं आहे. माझी पिशवी कापडाची. केस, खडे, कागदाचे कपटे ती अडवते. पिठासारखं बारीक काही आलं की ते कापडातून पार होतं आणि मागच्या जाळीतून बाहेर पडतं. हे मी लपवलेलं नाही. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि चिकटपट्टी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. ती पिशवी आजपर्यंत कोणी फोडलेली नाही.

कारखान्यातून मी शहाद्याला आलो. एस.टी. स्टँडसमोर चुनीलाल शेठचं दुकान आहे. त्याच्या फळीवर आम्ही तिघं शेजारी होतो. मी, निर्झर आणि कणाद.

निर्झरच्या पोटात पाण्याची टाकी. ओढलेली धूळ तो पाण्यात बुडवतो, म्हणून बारीक धुळीला माझ्यापेक्षा बरा. पण काम झालं की चिखल ओतायचा, टाकी धुवायची. एक दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी खोलीत उभं राहवत नाही. कणाद ठेंगणा, राखाडी, बाराशे वॅटचा. दिसायला अगदीच सामान्य. पण त्याच्या पोटात घड्याघड्यांची तीन थरांची गाळणी आहे, तिच्यातून पूड सुटत नाही. किंमत माझ्या जवळजवळ दुप्पट, आणि गाळणी वर्षाकाठी बदलावी लागते, तो खर्च वेगळा. म्हणजे गालिच्यासाठी त्याला घेणं ही उधळपट्टी, आणि पुडीसाठी मला घेणं हा मूर्खपणा. इतकी सोपी गोष्ट आहे.

पण यंत्र निवडताना माणसं काय बघतात, ते मी फळीवरून दोन वर्षं पाहिलं. पहिला प्रश्न, वॅट किती? वॅट म्हणजे मी वीज किती खातो. जास्त जेवणारा माणूस जास्त राबतो, असं यांच्या घरात तरी आहे का? दुसरा प्रश्न, सोबत काय मिळेल? माझ्यासोबत पाच तोंडं आणि एक छत्री मिळायची. छत्रीनं कुठली धूळ ओढली जाते, हे मला कोणी सांगितलेलं नाही. तिसरी परीक्षा आवाजाची. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की शेठ माझं बटण दाबायचा.

"आवाज आयका. इमान शे इमान."

आणि विमानाचं नाव निघालं की गिऱ्हाईक मान डोलवायचं. कणादचा आवाज हळू. त्याला हात लावून लोक म्हणायचे, "हाई तं चालूच नही दिखत."

आता धानोऱ्याबद्दल सांगतो. नंदुरबार तालुक्यातलं गाव. तिथल्या बायकांच्या गटाची पत्र्याची एक खोली आहे, तिच्यात मिरची कांडायचं यंत्र. गट उभा केला कमलबाईंनी. वय पन्नाशीच्या पुढे. कांडलेली मिरची मुठीत घेऊन नाकाशी नेली की त्या सांगतात, या घाण्यात तिखट किती आणि रंग किती, पुढच्या घाण्यात कुठली मिरची किती घालायची. गटाच्या मसाल्याला नाव आहे ते या नाकामुळे.

पण कांडप सुरू झालं की खकाना उडतो. मिरचीची ती अतिबारीक पूड, जी डोळ्यांना दिसायच्या आधी घशाला कळते. सोळा वर्षं तो खकाना कमलबाईंच्या छातीत गेला. तोंडाला पदर बांधून काय होतं? मागच्या हिवाळ्यात त्यांना बोलताना धाप लागू लागली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खोलीतली पूड थांबवा, नाहीतर खोली सोडा. खोली सोडायची म्हणजे बाहेर ओट्यावर बसून मिरचीचे देठ खुडायचे. ज्या बाईनं गट उभा केला तिनं.

म्हणून गटाची सचिव दीपमाला हिनं अर्ज लिहिला. गावातली बारावी झालेली सून आहे, अक्षर सुंदर. 'आमच्या कांडप खोलीतला खकाना ओढून घेणारे मशीन मिळावे.' दोघी तो घेऊन हेमकांत साहेबांकडे गेल्या. योजनेचा जिल्ह्याचा कारभार तेच बघतात.

हेमकांतनं अर्ज वाचला आणि पेन उघडलं.

"खकाना? हा शब्द चालायचा नाही, ताई. कागद वर जातो. वरच्या माणसाला काय कळणार?"

त्यानं शब्द खोडला आणि वर लिहिलं, कचरा.

कमलबाई म्हणाल्या, "साहेब, कचराले झाडू शे आमनाकडे. हाई खकानानं काम शे."

"कळलं हो काकू. घाण ती घाण. एकच."

एकच नाही. आणि राग कशाचा येतो सांगू? हेमकांत काही परमुलखातून आलेला नाही. तापीकाठच्या गावचा आहे. घरी आईशी अहिराणीतच बोलतो. खुर्चीत बसला की त्याला आपल्याच आईचा शब्द गावंढळ वाटायला लागतो. बरं, खकाणा हा शब्द मराठीच्या शब्दकोशातही आहे. न चा ण केला असता तरी भागलं असतं. एका अक्षराचं काम होतं. त्यानं अख्खा शब्द मारला, आणि त्या एका खोडण्यानं पुढचं सगळं ठरलं.

कारण चाचणी कचऱ्याची झाली. शेठनं आम्हा तिघांना कार्यालयात नेलं. तिथे एक जाड सतरंजी आहे. हेमकांतनं तिच्यावर मिरचीचे देठ आणि बी टाकायला लावलं, मिरचीचं काम आहे म्हणून मिरचीचाच कचरा. आपण फार विचार केला असं त्याला वाटत होतं. माझी पाळी आली. बी माझ्या नळीतून जाताना असं खडखडलं की शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून बघायला आली. सतरंजी लख्ख. निर्झरच्या नळीत देठ अडकले. कणादनं सगळं ओढलं, पण सावकाश, गुपचूप.

तक्ता भरला गेला. वॅट, झपाटा पहिला. वेग, झपाटा पहिला. किंमत, झपाटा सर्वांत कमी. सोबतच्या वस्तू, झपाटा सर्वांत जास्त. मागून हवा कशी बाहेर पडते, असा रकाना नव्हताच. कचऱ्याच्या यंत्राला तो कशाला लागेल?

कमलबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

धानोऱ्याला माझं स्वागत झालं. नारळ फुटला, मला कुंकू लागलं. कमलबाईंनी कांडप सुरू केलं, दीपमालानं माझं बटण दाबलं. मी जीव तोडून ओढलं. दुसरं मला काही येत नाही. जमिनीवरची, भिंतीवरची पूड मी नळीत घेतली आणि मागच्या जाळीतून ती सगळ्यांच्या नाकाच्या उंचीवर खोलीभर उडवली. इतका वेळ निदान खाली बसत तरी होती. पाचव्या मिनिटाला कमलबाई भिंत धरून बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या. त्यांचा ठसका थांबेना. दोघींनी पाठ चोळली.

बायका जाम संतापल्या, आणि संतापल्या की त्या हसतात.

"हाई मशीन पुढथीन खास नि मांगथीन थुकस."

"अगदी मन्हा देरना मायक."

दीर कोण, मला माहीत नाही. पण पुढून खाऊन मागून थुंकणाऱ्याशी केलेली तुलना बरोबर होती. त्या कार्यालयातल्या तुलनेपेक्षा नक्कीच.

दुसऱ्या दिवशी दीपमाला तक्रार घेऊन गेली. हेमकांत म्हणाला, "वापरायची पद्धत चुकत असेल. बाकी कुठून तक्रार नाही."

"बाकी कुठे दिलंय, साहेब?"

"अजून कुठे नाही. तुम्हीच पहिल्या."

तिनं नमस्कार केला आणि निघाली. मला वाटतं, तिनं त्याच पायरीवर काहीतरी ठरवलं. ती थेट शहाद्याला गेली आणि शेठकडून एका दिवसासाठी कणाद मागून आणला. शेठनं दिला. व्यापारी आहे, विकायची संधी तो सोडत नाही. वर म्हणाला, "कागदवर कचरा व्हता बहीन. मी कचरानं मशीन दिन्हं." त्याला मी दोष देत नाही. मागितलं ते त्यानं दिलं.

मग खरी चाचणी झाली, कांडप खोलीत. दीपमालानं पांढऱ्या धोतराचे दोन तुकडे ओले केले. एक माझ्या जाळीमागे बांधला, एक कणादच्या. पंधरा मिनिटं मी चाललो, दारं उघडून खोली निवू दिली, मग पंधरा मिनिटं कणाद. माझ्यामागचं फडकं लालभडक झालं. कणादचं पांढरंच राहिलं, कडेला जेमतेम गुलाबी. कसली फी नाही, कसला तज्ज्ञ नाही, फडकं आणि पाणी. हे त्या सतरंजीवर करता आलं नसतं का?

मग कणाद चालू ठेवून कमलबाई आत बसल्या. बायका दारातून बघत होत्या. तास झाला. त्यांनी कांडलेली मिरची मुठीत घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"पोरी, माले मिरचीना वास ई ऱ्हायना. नुसता वास. ठसका नही."

संध्याकाळच्या गाडीनं कणाद परत गेला. यंत्र उसनं होतं.

आता माझा अपराध सांगतो. नियम असा आहे की एक यंत्र चालू स्थितीत असताना त्याच कामासाठी दुसरं देता येत नाही. मी चालू स्थितीत होतो. मोटर दणकट, जन्मभर कुरकुर नाही. जोपर्यंत मी धडधाकट, तोपर्यंत कमलबाई बाहेर. बंद पडायला मी किती जोर केला असेल. यंत्राला तेवढं स्वातंत्र्य नसतं. एका दुपारी दीपमालानं मला उचललं आणि ओट्याच्या कडेला नेलं. मी मनात म्हटलं, सोड. कमलबाई देठ खुडता खुडता म्हणाल्या, "नको. खोटं करानं नही. जे शे ते दाखाडूत."

हेमकांत पाहणीला आला तो महिन्यानं. त्यानं मला ओट्यावर, चटईवर चालवून पाहिलं. मी नेहमीसारखा उत्तम चाललो. माझाच मला राग आला.

"चालतंय की, काकू."

"मझार चाला साहेब. चहा मझार देतस."

चहाला नाही म्हणता येत नाही. तो आत खाटेवर बसला. कांडप सुरू झालं, दीपमालानं माझं बटण दाबलं. मी कुणाला त्रास व्हावा म्हणून कधी चाललो नाही, त्या दिवशी चाललो. चौथ्या मिनिटाला हेमकांत कप सांडत बाहेर पळाला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. ओट्याच्या खांबाला धरून तो खोकत होता आणि त्याच्या तोंडातून कार्यालयाची भाषा पार निघून गेली होती.

"माय वं, जीव जाई ऱ्हायना मन्हा."

कमलबाईंनी तांब्या पुढे केला. "बठ भाऊ. हयहय पानी पे."

तो बसला. हळूहळू पाणी प्याला. आठ दिवसांनी त्यानं कागद काढला. त्यात लिहिलं, 'सदर यंत्र सुस्थितीत असून वापराचे ठिकाण अयोग्य आहे.' म्हणजे मी बरोबर, तक्ता बरोबर, साहेब बरोबर. चुकली ती धानोऱ्याची खोली. मी तिथून हललो आणि नवीन मागणी मंजूर झाली. कणाद धानोऱ्याला पोचला तेव्हा ज्येष्ठ लागला होता, कांडपाचा हंगाम संपला होता. तो अख्खा हंगाम कमलबाईंनी ओट्यावर काढला. त्यांच्या नाकाशिवाय निघालेला मसाला ओळखीच्या गिऱ्हाइकांनी परत केला. कमलबाई आता आत बसतात. डॉक्टर म्हणतात, छाती आणखी बिघडली नाही, पण पूर्वीसारखी होणारही नाही. हंगामाचे ते चार महिने कुठल्या रकान्यात लिहायचे?

मी आता हेमकांतच्या कार्यालयात आहे. रोज सकाळी ती सतरंजी झाडतो. शिपाई माझं कौतुक करतो. काम माझ्या जोगं आहे, तक्रार नाही.

पण परवा अक्कलकुव्याच्या सहा गटांचे अर्ज आले. मिरची आणि हळद कांडायच्या खोल्या. हेमकांतनं संगणकावर जुना तक्ता उघडला, गावाचं नाव बदललं, तारीख बदलली. पहिल्या ओळीत मी तसाच. मग त्याला जेवणाचा फोन आला आणि तो उठून गेला. सही अजून व्हायची आहे.

हेमकांत, मी तुझ्या टेबलाशेजारीच आहे. तू वाईट माणूस नाहीस. दुसऱ्याच्या घशाची परीक्षा स्वतःच्या सतरंजीवर घेणारा माणूस आहेस, आणि तुझ्यासारखे फार आहेत. माझं नाव खोड. यंत्राची अब्रू जात नाही, आणि गेली तर मला चालेल. त्या सहा खोल्यांत कोण बसतं, त्यांची नावं तुला ठाऊक नाहीत. उद्या सकाळी अक्कलकुव्याची गाडी आहे. आधी तिथे जाऊन बस, आणि मग सही कर.