दाढेतला धूर

"वड रं केरबा, एक झुरका वड. हळदीची धूळ छातीत बसती, धुरानं मोकळी हुती."

हा आवाज कानावर पडला तेव्हा विजयमाला वीस वर्षांची होती. साताऱ्याकडच्या गावातून नुकतीच सांगलीला आलेली, आणि पहिल्यांदाच नवऱ्याची भाकरी घेऊन हळदपेठेत शिरलेली. पापण्यांपर्यंत पिवळा झालेला केरबा पोत्यांच्या थप्पीला टेकला होता आणि त्याचा मुकादम नानासो पेटती विडी त्याच्यापुढे धरून उभा होता. पेठेतल्या झाडून साऱ्या हमालांची हीच समजूत. केरबाने विडी घेतली, खोकला, हसला. पुढची आठ वर्षं खोकला तेवढा राहिला. सदुसष्ट साली रक्ताच्या गुळण्या होऊन तो गेला, तेव्हा त्यांचा मुलगा अर्जुना सात वर्षांचा होता.

सासू मातीला आली. भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "ह्याचा बा तसाच गेला, चुलता तसाच गेला. पयला झुरका घेतला की ह्यांना सुटतच न्हाई. आमच्या रगतातच हाय ते, सूनबाई. कुनाला बोल लावू नगंस."

विजयमालाला ते पटवून घ्यायचंच नव्हतं. दोष रक्तावर घातला तर सूड कुणावर घ्यायचा? रक्ताला दार नसतं, की जाऊन शिव्या द्याव्यात. नानासोला मात्र दार होतं, आणि ते तिच्या दारासमोर होतं. दिवसाला विड्यांचे दोन कट्टे ओढणारा नानासो केरबाच्या मातीवरून आला आणि पायातली वहाण काढावी तशी त्याने विडी सोडली. तिच्या लेखी हाच त्याचा सगळ्यांत मोठा गुन्हा. ज्याला सोडता येत होती त्याने ती, ज्याला सोडता येणार नव्हती त्याच्या हातात दिली होती.

मिलिटरीतून पेन्शनीत आलेला तिचा भाऊ लालासाहेब न्यायला आला. "माज्या गावात चल. हितं दर तिसऱ्या दाराला विडीची टपरी. पोरगं कसं वाढवनार?"

"पोटाला पेठ हाय दादा. हितंच बरी हाय मी."

पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओठांवर एकच ओवी यायची.

दळण दळीते बाई, वैरी समोर ऱ्हातो,
त्याच्या उंबऱ्यात, माझा दीस मावळतो.

शेजारच्या बयाबाईला नुसता सूर ऐकू यायचा. तिला वाटायचं, बिचारी नवऱ्यासाठी गातेय.

नानासोचा एकुलता एक गुंडा अर्जुनाच्याच वयाचा. दिवसभर तिच्याच घरात पडलेला. एक दिवस तिने गालाला पदर लावला.

"गुंडा, बाळा, दाढ लय ठणकतीया बघ. एवढी विडी चुलीवर पेटवून आण की."

दाढेत धूर धरायचा हा उपाय घराघरांतला. थोरांची विडी पोरांनी निखाऱ्यावर पेटवून आणायची, यातही कुणाला काही वावगं वाटत नसे. पण विडी नुसत्या निखाऱ्याने धरत नाही. दोन-तीनदा आत ओढावी लागते. पहिला झुरका पेटवणाऱ्याचा. विजयमालाला एवढंच हवं होतं.

अर्जुनाला ती आधीच पाण्याला धाडायची. गुंडा चुलीपुढे उकिडवा बसायचा, त्याचे गाल आत जायचे, विडीचं टोक लाल व्हायचं, आणि तिच्या पोटात गार वाटायचं. तो गेला की ती विडी उंबऱ्यावर विझवून सरपणामागे भिरकावायची. स्वतःच्या ओठांना तिने ती कधी लावली नाही. अशी चार वर्षं. दाढेला जराही कीड नसलेल्या बाईची दाढ चार वर्षं ठणकत होती.

बहात्तरच्या दुष्काळात पेठ ओस पडली. तेव्हा तिने अर्जुनाला मामाकडे धाडलं. स्वतः गेली नाही. पुढं गुंडा हमालांच्या पोरांत विडी ओढताना दिसला, त्या संध्याकाळी तिने देवापुढच्या दिव्यात जास्तीचं तेल घातलं. आणि वर्षभरातच त्याने सोडून दिली.

"का रं, सोडलीस?" तिने विचारलं.

"गोडीच लागली न्हाई काकी. बाबागत हाय माजं."

ती वाट बघत राहिली. आज नाही तर उद्या खोकेल.

अठ्ठ्याहत्तर साली साताऱ्याला मिलिटरीची भरती निघाली. गल्लीतून गुंडा, मामाच्या गावाहून अर्जुना, दोघंही गेले. अर्जुनाने लहानपणापासून मामाचा गणवेश घालून आरशात पाहिलेलं, दुसरं स्वप्न त्याला नव्हतंच. दोघंही एकाच एस्टीने सांगलीला परतले. गुंडा पास झाला होता. अर्जुना धावताना तिसऱ्या फेरीला छाती धरून मैदानातच बसला होता, आणि डॉक्टरने नळी लावून मान हलवली होती.

संध्याकाळी नानासो गुंडाला घेऊन पेढे द्यायला आला. अकरा वर्षांत त्याने तिचा उंबरा ओलांडला नव्हता, आजही बाहेरच थांबला.

"वैनी, पेढा घ्या. अर्जुनाचं बी हुईल पुढच्या खेपंला."

गुंडा आत येऊन अर्जुनाशेजारी बसला. जड झालेली हवा हलकी करावी म्हणून म्हणाला, "काकी, दाढ कशी हाय तुमची? लय विड्या फुकल्या गड्या मी त्या दाढंपायी. वकारी यायची, पर काकीला न्हाई कसं म्हनायचं?"

अर्जुना भिंतीला टेकून हसला. "तुला वकारी यायची, मला ब्येस वाटायचं. तू गेलास की सरपणामागचं थोटूक मीच वडायचो."

विजयमालाने हातातला पेढा खाली ठेवला. "कवापास्नं?"

"दुसरीत हुतो, आये." आता लपवण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. "मामाच्या गावात नाव काढलं न्हाई. तितं कोन वडतच न्हाई, मग आठवनबी यायची न्हाई. पर सुट्टीला तुज्याकडं आलो, ह्या गल्लीत पाय ठेवला, की पयल्या वासाला छातीत कुनीतरी उठून बसायचं. मग दोन म्हैनं थांबनं न्हाई. गुंडानं सोडली, मला सुटंना. आज्जी म्हनायची तेच खरं. बापाचं रगत."

"रगताला नगं दोष दिऊस, पोरा." नानासो उंबऱ्याबाहेर खाली बसला. "तुज्या बाच्या हातात पयली विडी मी दिली. धूळ निगती म्हनून दिली. त्येला सोसनार न्हाई हे मला कुटं ठावं? वैनी, अकरा वर्सं रोज समोर बगतोय तुमाला. सांगायचं धाडस झालं न्हाई. पायातली काढा अन् मारा मला."

हे शब्द ऐकायला ती अकरा वर्षं जगली होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, जात्यावर घोळून घोळून गुळगुळीत केलेलं. तिने तोंड उघडलं. समोर गुंडाची रुंद छाती शांत वरखाली होत होती, आणि तिच्या लेकाच्या छातीत बारीक घरघर चालली होती.

"उठा भावजी," ती म्हणाली. "तुमी अजानता दिली, मी जानून दिली. माजी दाढ कवाच ठणकली न्हाई. माजा धनी गेला तसा तुमचा गुंडा जावा, म्हून पेटवून घेतल्या त्या विड्या. अर्जुना, तुजा मामा न्यायला आला, तरी ही गल्ली मी सोडली न्हाई. पोटासाटी न्हाई रं बाळा. ह्यो गुंडा कवा खोकतोय, ते बगायला थांबले मी."