काळ्या पट्ट्याचे दोन मालक

दातांच्या डॉक्टरांच्या घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, लोण्याच्या डब्याशेजारी, कॅमेरा राहायला आला तेव्हा त्यांच्या बायकोने एवढंच विचारलं, "उघडल्यावर किती दिवसांत संपवायचा असतो हा?"

डॉक्टरांनी फ्रिजचं दार लावून घेतलं. ज्याला विश्वाशी थेट बोलायचं असतं त्याने घरातल्यांशी शब्दाला शब्द लावत बसायचं नसतं, असं त्यांचं मत होतं. छंद वर्षभराचा होता. ऐट मात्र जन्मजात होती.

छंद तेजोमेघांचे फोटो काढण्याचा. गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, अवकाशातल्या एकाच वायूच्या ढगाचे ढीगभर फोटो काढायचे आणि दिवसा, पेशंट नसताना, संगणकावर ते एकावर एक रचायचे. मग कुठे त्या फिकट ढगाला रंग चढतो. मधूनच उपग्रह आणि विमानं पांढऱ्या रेघा ओढून जातात, त्या पुसायच्या. शिवाय कॅमेऱ्याच्या अंगचे लाल-निळे ठिपके असतात. ते घालवायला कॅमेऱ्याला टोपण लावून, तेवढ्याच गारव्यात, नुसत्या अंधाराचे फोटो काढायचे आणि खऱ्या फोटोतून वजा करायचे. पुन्हा गच्चीवर कुडकुडत कोण बसणार? डॉक्टरांनी भर दुपारी फ्रिजमध्ये अंधाराची सोय केली.

"अंधाराचे फोटो?" त्यांच्या आईने विचारलं. "अरे, मग पैसे घालून कॅमेरा कशाला? डोळे मिटून बसायचं की."

"आई, हे शास्त्र आहे."

"असेल बाबा. मला गार पाणी घेऊ दे, सरक."

त्या अंधारातून डॉक्टरांच्या हाती घबाड लागलं. वजाबाकी करून तयार झालेल्या फोटोत, गुलाबी तेजोमेघाच्या छातीवरून, एक काळा पट्टा आडवा गेला होता. पांढरी रेघ असती तर डॉक्टरांनी ती डोळे झाकून पुसली असती. आकाशात पांढऱ्या रेघा पैशाला पासरी मिळतात. पण काळी? त्यांनी पुस्तकं चाळली, दुसऱ्यांचे फोटो पाहिले. पट्टा कुठेच नव्हता. यावरून साधा माणूस म्हणाला असता, आपलंच काही चुकलं. डॉक्टर म्हणाले, जगाचं चुकलं.

हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात त्यांनी फोटो दाखवला आणि सांगितलं की ही धुळीची भिंत आहे, आजवर कोणाला दिसली नव्हती. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. ते निवृत्त बँक मॅनेजर होते आणि शंका आली की आधी टाळ्या वाजवून घ्यायची त्यांची सवय होती. पट्ट्याला डॉक्टरांचं नाव देऊन वेधशाळेला कळवायचं ठरलं. फक्त शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "माझ्याकडे याच ढगाचा फोटो आहे. त्यात पट्टा नाहीये."

"तुमची दुर्बीण लहान आहे, बाई," मंडळाचे सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले.

"लहान आहे, पण इतका जाड पट्टा—"

"नजर तयार व्हावी लागते," डॉक्टर मायेने म्हणाले. दाढ काढण्यापूर्वी ते याच आवाजात बोलत.

पंधरवड्यात डॉक्टरांनी आकाशाच्या दुसऱ्या टोकाचा तेजोमेघ टिपला. त्याच्यावरही पट्टा होता. तसाच आडवा, तेवढाच जाड, डावीकडे तसाच किंचित वाकलेला. डॉक्टरांना आनंदाने घरात फेऱ्या घालाव्या लागल्या.

"दुसरा सापडला!"

बायकोने भाजी चिरता चिरता संगणकाच्या पडद्याकडे मान वळवली. "अहो, ढग दोन आणि पट्टा एकच?"

"एकच कसा? दोन आहेत."

"मला तर एकच वाटतोय. एकच टोपी दोघांना घातल्यासारखी."

डॉक्टर हसले, मग त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. संध्याकाळचे पेशंट त्यांनी दुसऱ्या दिवशीवर ढकलले आणि फ्रिजमधले अंधाराचे फोटो एकेक करून उघडले. पहिला काळा. दुसरा काळा. तिसऱ्यात मात्र एक उजळ पट्टा, आडवा, डावीकडे किंचित वाकलेला. पुढच्यात पुन्हा तोच. कॅमेऱ्याला पुढून टोपण होतं. मागची डोळा लावायची बारीक काच उघडीच राहिली होती. घरातलं कोणी फ्रिज उघडला की दिवा लागे, त्याचा उजेड त्या काचेतून आत शिरे, आणि हा उजेड इमानदारीने दोन्ही तेजोमेघांतून वजा केला की उरे काळा पट्टा. धुळीची भिंत म्हणून मंडळाने ज्याला टाळ्या दिल्या होत्या तो आईच्या तहानेचा हिशेब होता.

"मी काय केलं?" आई म्हणाली. "मी पाणी प्यायले."

"उद्याच्या सभेत सांगून टाका," बायको म्हणाली. "पत्र अजून गेलं नाहीये ना?"

"उद्या जाणार आहे."

"मग उद्याच सांगा. लोक हसतील, हसू देत. वेधशाळेने हसण्यापेक्षा आपल्यांनी हसलेलं बरं. आणि त्या बाईंची माफी मागा."

डॉक्टरांनी मान हलवली. रात्री दात घासतो म्हणून पेशंट त्यांच्यापुढे हलवतात तशी नव्हे, खरी. त्यांनी चार वाक्यंही तयार केली. 'शास्त्रात चूक कबूल करणं हाच मोठेपणा', असं त्यातलं तिसरं होतं, आणि ते म्हणताना आरशात आपण बरे दिसतो हेही त्यांनी पाहून ठेवलं.

सभेला पोचल्यावर ते उभे राहणार तोच वकीलसाहेब उठले.

"पत्र टाकण्यापूर्वी एक दुरुस्ती," असं म्हणून त्यांनी पडद्यावर स्वतःचा फोटो लावला. तोच गुलाबी तेजोमेघ. छातीवर काळा पट्टा. "हा माझा फोटो डॉक्टरांच्या महिनाभर आधीचा आहे. तेव्हा मी गवगवा केला नाही. माझ्या स्वभावात नाही ते. पण नाव द्यायचं म्हटल्यावर, कोणी आधी पाहिला हे नोंदवलं जावं, इतकंच."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. संगणकावर वकीलसाहेबांचा हात साफ होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. उपग्रहाची रेघ ते अशी पुसत की जणू तो उपग्रह कोणी सोडलाच नव्हता. पुसणाऱ्याला रेघ ओढताही येते, हा विचार कोणाला शिवला नाही.

डॉक्टरांना मात्र पहिल्याच नजरेत दिसलं. त्यांच्या पट्ट्याचा डावीकडचा बाकसुद्धा वकीलसाहेबांनी सोडला नव्हता.

आता गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. पत्र वकिलाच्या नावाने गेलं असतं, फजिती वकिलाची झाली असती, आणि डॉक्टर घरी जाऊन सुखाने जेवले असते. पण महिनाभर आधी! आपला पट्टा, आपल्या आधी! डॉक्टरांचे कान तापले. चारही वाक्यं पार विसरली.

"खोटं आहे!" ते ओरडले. "हा तुम्हाला सापडणं शक्यच नाही!"

"का म्हणून?"

"कारण हा पट्टा माझा आहे!"

"आकाश काय तुमच्या बापाचं आहे, डॉक्टर?"

"आकाशात नाहीये तो! माझ्या फ्रिजमध्ये आहे!"

 डॉक्टरांनी मग सगळं ओकलं. टोपण, मागची काच, दिवा, आईचं पाणी. ज्या कबुलीला मोठेपणाची झालर लावायची होती ती त्यांनी वकिलाच्या अंगावर चपलेसारखी भिरकावली.

"ऐकलंत?" ते धापा टाकत म्हणाले. "आता सांगा, माझ्या फ्रिजचा दिवा तुमच्या फोटोत कसा?"

वकीलसाहेबांचा चेहरा क्षणभर दुधासारखा झाला. पण कोर्टात आयुष्य गेलेलं.

"डॉक्टरांचा प्रामाणिकपणा वंदनीय आहे," ते म्हणाले. "त्यांचा पट्टा सदोष निघाला. दुर्दैव. मात्र माझ्या घरी फ्रिजमध्ये भाजी असते, कॅमेरा नसतो. म्हणजे माझ्या फोटोला हा आक्षेप लागूच होत नाही."

अध्यक्षांना शंका आली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण माझ्या फोटोत अजूनही पट्टा नाही," बाई म्हणाल्या.

"दुर्बीण, बाई," दोन-तीन जण एकदम म्हणाले.

पत्र दुपारीच गेलं. डॉक्टर घरी आले, बूट न काढताच खुर्चीत बसले.

"सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"मग? हसले?"

"नाही. पट्टा खरा आहे म्हणे. फक्त माझा खोटा. नाव वकिलाचं लागणार."

 बायको जवळ येऊन बसली आणि समजुतीने म्हणाली, "अहो, पण तो पट्टा मुळात नाहीच ना?"

"नाहीये गं," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या आधी?"